शांताची पोरगी

प्रार्थना चालू होती. सातवीच्या रांगेत, माझ्यापुढे तीन मुली सोडून, एक मुलगी ओकली. फरशीवर, स्वतःच्या बुटांवर. रांग फुटली. मुलींनी नाकाला रुमाल लावले. मीही लावला.

मोठ्या बाई मंचावरून खाली आल्या. आमच्या मुख्याध्यापिका. त्या मुलीला त्यांनी जवळ घेतलं, स्वतःच्या पदराने तिचं तोंड पुसलं. मग रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"शांता आज आली नाही ना?"

शांता माझी आई. शाळेचे संडास धुवायची. त्या दिवशी ती तापाने पडली होती.

"नाही बाई."

"मग तू घे पुसून. तुला जमेल."

आवाज गोड. त्यांचा आवाज नेहमीच गोड. सगळी शाळा बघत होती. मी बादली आणली, फडकं आणलं, गुडघे टेकले आणि पुसलं. माझ्या डोक्यावरून प्रार्थना पुन्हा सुरू झाली.

वर्गात जाताना बाई म्हणाल्या, "हात धुऊन ये. आणि आज मागे बस."

बाई फार चांगल्या होत्या, असं सगळ्या सांगतात. खोटं नाही. कितीतरी मुलींची लग्नं त्यांनी थांबवली. बापांच्या घरी जाऊन बसल्या, हात जोडले, मुलींना कॉलेजात घातलं. शाळेतल्या प्रत्येक मुलीचं नाव त्यांना पाठ. हजेरीत माझंही नाव होतं. पण मला त्या 'शांताची' म्हणायच्या. शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आई अंगात ताप घेऊन शाळेत गेली. माफी मागायला. खाडा झाला म्हणून. संध्याकाळी येऊन बापाला म्हणाली, "बाई म्हणाल्या, पोरगी गुणी आहे. तुझ्यामागे हिलाच लावून घेऊ."

बाप रेल्वेत सफाईला. त्याच कामावर खानदेशातून बडोद्याला आलेला. तो खूश झाला. "चला, पोरीची सोय झाली," म्हणाला. खंडेराव मार्केटात जाऊन चिकू घेऊन आला.

मी चिकू तोंडात घातला. गोड होता. माझं सगळं आयुष्य दोन बायकांनी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. आणि त्यातली एक माझी आई होती. त्या दिवशी डोक्यात काहीतरी उघडलं, ते पुन्हा मिटलं नाही.

बाईंनी त्या पुसण्याची गोष्ट केली. शाळेत कोणीही पाहुणा आला की सांगायच्या. "आमच्या एका मुलीने कुणी न सांगता, स्वतःहून..." दर वेळी थोडी भर पडायची. एकदा तर मी हसत हसत पुसलं होतं.

नववीत असताना वार्षिक समारंभ होता. बाईंनी मला बोलावलं. लाल रिबीन बांधलेला कोरा झाडू हातात दिला.

"तू नुसती उभी राहा. बोलायचं मी बघते."

मी उभी राहिले. बाईंनी गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. पाहुणे गुजराती होते, भले गृहस्थ. त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. "बहु सरस, बेटा! तने केवुं लाग्युं?" कसं वाटलं, विचारत होते. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी झाडू खाली ठेवला.

"मी स्वतःहून नाही पुसलं. बाईंनी पुसायला लावलं. ओकली दुसरीच होती. माझी आई संडास धुते, म्हणून मलाच निवडलं."

मग मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

बाई हसल्या. "लहान आहे. घाबरली," म्हणाल्या आणि पुढचं नृत्य सुरू करायला लावलं.

सोमवारी त्यांनी आईला बोलावलं. तेही गोड बोलून. "शांता, तुझ्या मुलीला या कामाची लाज वाटते ना? मग तू तरी कशाला करतेस? उद्यापासून येऊ नकोस."

आईने मला उलथन्याने मारलं. दंडावर वळ उठला. मारता मारता तीच रडत होती. मग ती गोत्री भागातल्या सोसायट्यांमध्ये भांडी घासायला जायला लागली. मी शाळा सोडली नाही. दहावी होईपर्यंत मागच्या बाकावर एकटी बसले. डबा खाताना कुणी शेजारी यायचं नाही. बाईंची माया तुटेल, याची सगळ्यांना भीती.

बाई गेल्या महिन्यात गेल्या. वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर फुलं, हात जोडलेले, 'आमची माउली गेली'. स्मरणिका निघणार आहे. तिचं काम एका मुलीकडे आहे. तीच, जी प्रार्थनेत ओकली होती. तिचा फोन आला.

"अगं, दोन पानं दे ना बाईंवर. तुझी ती गोष्ट लिही, तू स्वतःहून पुसलं होतंस ती. किती सुंदर आहे!"

"ओकलीस तू होतीस," मी म्हणाले.

"हो का? मला नाही गं आठवत."

तिला आठवत नाही. पुसणारीला आठवतं.

मी पानं पाठवली. हीच, इथपर्यंतची. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "इतकं कडू नको ना लिहू. बाई आता नाहीत. थोडं सौम्य कर, आपण घेऊ."

आई आता बडोद्यातच, वासण्याला माझ्या घरी असते. गुडघे गेलेत तिचे. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "जाऊ दे ना. मेलेल्या माणसाचं काय काढायचं?"

"आई, तुला कामावरून काढलं तेव्हा त्या जिवंत होत्या. तेव्हा कोण बोललं?"

ती गुडघे चोळत बसली. मला तिचा राग नाही. पण मी तिचं ऐकणार नाही.

रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा आहे. मी जाणार. हार घालणार नाही. ही पानं वाचणार, एक शब्द कमी न करता. माइक बंद करतील, करू देत. मी वीस वर्षं मास्तरकी करतेय. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.