लेल्लाचा नवस

दुग्ग्याच्या जुन्या गावात रोमन लोकांची घरं कुठं संपतात आणि आपली कुठं सुरू होतात, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. देवळाच्या खांबांना बकऱ्या बांधलेल्या असायच्या, नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर बायका मिरच्या वाळत घालायच्या. मग खोदकामवाले साहेब आले आणि शेडलिया लग्न होऊन ज्या अंगणात आली, ते अंगण नसून कुणा रोमन धनिकाचा दिवाणखाना आहे, असं तिला कळलं. हजार-दीड हजार वर्षांनी त्या धनिकाची आठवण निघाली, आणि गाव उठवून खाली माळावर वसवायचं ठरलं.

अंजिराच्या झाडामागं, पडक्या भिंतीत गुडघ्यापर्यंत गाडलेली एक संगमरवरी बाई होती, मुंडकं नसलेली. बायका तिला लेल्ला म्हणत, म्हणजे बाईसाहेब. पुरुषांना तिकडं फिरकायची बंदी, त्यामुळं साहेबांना तिचा पत्ता नव्हता. मूल होत नसेल, झालेलं जगत नसेल, तर लेल्लाला तेल घालायचं, मेंदी चोपडायची आणि नवस बोलायचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेंदीनं ती काळीतांबडी झाली होती.

शेडलियाची शेजारीण हनिया. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी ती लेल्लाला म्हणाली, "हा जगला तर याच्या जावळाच्या दिवशी तुला मेंदीनं न्हाऊ घालीन." मुख्तार जगला, चांगला बाळसेदार झाला.

जावळाचा दिवस जवळ आला होता, आणि त्याच सुमारास नव्या घरांचं वाटप चाललं होतं. नळ एकच, माळाच्या एका टोकाला. खोदकामाचा मुकादम शेडलियाला गोडीगुलाबीनं म्हणाला, "बाई, आणखी कुठं कोरीव दगड असेल तर दाखवा. नळाजवळचं घर अजून कुणाला दिलेलं नाही."

"आमच्याकडं कुठले आलेत दगड?" शेडलिया म्हणाली. मग जरा वेळानं, भांडी घासता घासता म्हणाली, "अंजिराच्या मागं बघितलंत का?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी लेल्ला दोरखंडांत बांधून ट्रकवर चढली. बायका छाती पिटत मागं धावल्या. शेडलियाही धावली. सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं, याचाच तिला पुढं जन्मभर त्रास झाला.

नळाजवळचं घर तिला मिळालं. हनियाला मिळालं ते पार दुसऱ्या टोकाला. भरलेली घागर घेऊन ती शेडलियाच्या उंबऱ्याशी दम खायला टेके आणि रोज तेच बोले, "ज्यानं लेल्लाला दाखवून दिलं ना, त्याच्या दारचं पाणी आटो."

"आटो," शेडलिया म्हणायची. न म्हणून कसं चालेल? मग हनियाची घागर स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिच्या घरी पोचवून यायची. शेजारीण असावी तर अशी, असं लोक म्हणत. ते ऐकलं की शेडलियाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

वर्षं गेली. घरोघरी नळ आले, मुख्तारला मुलं झाली, हनियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले.

"शेडलिया, लेल्ला राजधानीत आहे म्हणतात," एक दिवस ती म्हणाली. "मला दिसत नाही, तू ओळखशील. चल."

"इतक्या वर्षांनी? तिनं कधीच माफ केलं असेल."

"देणं माझं, माफ करणारी तू कोण गं?"

मुख्तारनं दोघींना आपल्या ट्रकमधून नेलं. "एका दगडाला भेटायला डिझेल जाळतोय मी," तो वाटेत कुरकुरला.

"त्या दगडामुळं तू कुरकुरायला जगलास," हनिया म्हणाली.

हनियाला बाकावर बसवून शेडलिया संग्रहालयात फिरली. मुंडकं नसलेल्या बायकांची रांगच होती. सगळ्या धुतलेल्या, पांढऱ्याफटक. मेंदीशिवाय लेल्ला कशी दिसते, हे तिला कुठं ठाऊक होतं? तिनं रखवालदाराला विचारलं.

"तुमच्या गावचं बरंचसं आत कोठारात आहे, मावशी," तो म्हणाला. "ते बघायला मिळत नाही."

शेडलिया परत आली. तिनं हनियाचा हात धरून नेला आणि दारालगतच्या एका मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांवर टेकवला. "ही बघ," ती म्हणाली.

"किती गार पडलीय गं." हनियानं पांघरलेल्या चादरीच्या गाठीतून भिजवलेली मेंदी काढली. मुख्तारनं रखवालदाराला बोलण्यात गुंतवलं, तेवढ्यात तिनं ती चाचपडत चोपडली. "उशीर झाला, बाई. राग धरू नकोस." मग शेडलियाच्या डोक्यावर कोरडा हात ठेवून म्हणाली, "इथवर आणलंस मला. तुझ्या दारचं पाणी कधी न आटो."

शेडलियाला हुंदका आवरेना. सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलंही. पण हनिया तोंडभर हसत होती, आणि तिला तसं हसताना शेडलियानं गाव उठल्यापासून पाहिलं नव्हतं.

"रडतेस का? तुझाही नवस राहिलाय की काय?" हनियानं उरलेली मेंदी तिच्या तळहातावर ठेवली. "घे, लाव. मनात ठेवू नये."

शेडलियानं मूठ मिटली ती घर येईपर्यंत उघडली नाही. नळाखाली कितीही घासला तरी तळवा लालभडकच राहिला.

सकाळी बायका विचारू लागल्या, "काय गं, या वयात मेंदी?"

तिला बोलावंच लागलं नाही. हनियाच कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली, "तिनंही नवस फेडलाय."