केकशेजारची जागा

अर्धे कपडे दोरीवर चढले होते, अर्धे पिळलेल्या पिळासकट बादलीत पडले होते, आणि थोरलीच्या हातातला उशीचा अभ्रा हातातच राहिला.

"अगं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली, "मी तर केक उभा करून बसले."

अभ्रा तसाच खांद्यावर टाकून ती आत गेली. मागच्या गार खोलीत, जाड फळीवर, तीन थरांचा केक नव्या नवरीसारखा, पण मान खाली न घालता उभा होता. पांढरं बटरक्रीम, कडेने मोत्यांसारखे थेंब, वरच्या थराला क्रीमच्याच पाकळ्या. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तो उभा होता, तेच तर संकट होतं.

शहाणी माणसं असा केक थराथराने नेतात. प्रत्येक थर वेगळ्या खोक्यात, काड्या आणि क्रीम पिशवीत, आणि जिथे न्यायचा तिथे पोचल्यावर एकावर एक. थोरलीने आयुष्यात कधी असं केलं नाही. तिचा केक घरूनच उभा निघायचा. काल दुपारी हाताने आपसूक खालच्या थरात लाकडी काड्या रोवल्या, वर मधला ठेवला, त्यावर धाकटा, फटी क्रीमने लिंपल्या. हाताला वाटलं, नेणारा नेहमीचाच आहे. हाताला कोण सांगणार, की नेहमीच्या माणसाने मागच्याच वर्षी गाडी चालवणं सोडलं.

नेहमीचा माणूस म्हणजे थोरलीचे यजमान. उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली. गाव त्यांना अलगदभाऊ म्हणायचं, कारण त्यांची बस कधी थांबली हे उतरणाऱ्याला कळायचं नाही. एक शिक्षिकाबाई त्यांच्या बसमध्ये उभ्याने स्वेटर विणायच्या आणि एक टाका चुकायचा नाही. दुसरे ड्रायव्हर चिडवायचे, "अरे, प्रवासी नेतोस की अंडी?" हे म्हणायचे, "प्रवाशांच्या पिशवीत अंडी असतात ना."

पहिला उभा केक गेला तो धाकटीच्या लग्नात. धाकटी म्हणजे थोरलीची पाठची बहीण. तेव्हा थोरलीचं लग्न नवंनवं होतं. बेकरीत कामाला जाणाऱ्या शेजारणीकडून ती केक शिकली होती, आणि थर वेगळे न्यायचे हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण हे म्हणाले, "तू घरीच उभा कर. मी उभा नेतो." म्हणाले आणि आदल्या दिवशी सायकल काढून सगळा रस्ता बघून आले. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, कुठल्या वळणावर गटाराचं झाकण वर आलंय, सगळं तोंडपाठ. मित्राची जुनी गाडी मागून आणली, मागची बैठक उचकटून काढली, तिथे गोधडी घातली, त्यावर केक, आणि केकशेजारी थोरली. सीटवर केक ठेवू नये, सीट मागे कलती असते. हेही त्यांचंच शास्त्र.

थोरली पाय पसरून बसली, दोन्ही हातांनी फळीला कवेत घेतलं आणि जीव मुठीत धरून रोजची प्रार्थना सुरू केली. पुढून आवाज आला, "मोठ्याने म्हण. तू म्हणत राहिलीस की मला कळतं, केक ठीक आहे."

मग ती रीतच पडली. तिची प्रार्थना सावकाश चालायची आणि गाडी प्रार्थनेच्या चालीने. पुढे चुलत बहिणी, मावसभाऊ, आतेभावाची मुलगी, घरातल्या प्रत्येक लग्नात केक उभा गेला आणि उभा उतरला. दर वेळी मांडवात लोक जमायचे आणि केक बघून आधी अलगदभाऊंच्या पाठीवर थाप मारायचे. हे मान तिरकी करून हसायचे. थोरली मागे उभी राहून साडीवरचं पीठ झटकायची. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. देवाने ज्याला जे दिलं त्याचं त्याने ते केलं, एवढंच.

मागच्या वर्षी मात्र एका संध्याकाळी हे चौकात गाडी थांबवून बराच वेळ वाट बघत बसले. मागून भोंगे वाजायला लागले. थोरलीने विचारलं, "अहो, चला ना." हे म्हणाले, "ती बाई रस्ता ओलांडते आहे, तिला जाऊ दे." ती बाई म्हणजे टपालपेटी होती. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच किल्ली सूनबाईच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुला ड्यूटीला जायला बरी पडेल."

आता आज धाकटीच्या मुलीचं लग्न. आईच्या लग्नातला फोटो त्या पोरीने लहानपणापासून कपाटावर लावलेला. फोटोत आई, बाबा आणि मधे तो उभा केक. "मावशी, मला तस्साच," एवढंच तिचं मागणं होतं. या पिढीतलं हे शेवटचं लग्न. आणि केक उभा, अलगदभाऊ बसलेले, मुलगा परगावी, आणि गाडी चालवणारी सूनबाई. ती इस्पितळात नर्स. ड्यूटीला कायम उशीर झालेला असतो असं समजूनच ती गाडी चालवायची. तिच्या गाडीत बसलं की थोरली सीटला धरून देवाला हाक मारायची, ती प्रार्थना वेगळी.

सूनबाई खोलीत आली, केक बघून जागच्या जागी थांबली.

"आई, हा तर चढवलेला आहे."

"हो ना गं."

"उतरवता येईल?"

"येईल. पण मग फोटोतला राहणार नाही. सगळं क्रीम उपटून निघेल."

दाराशी हे उभे होते. कधी आले कळलं नाही. "उतरवायचं कशाला?" ते म्हणाले. "मी पुढे बसतो, हिला रस्ता सांगतो. या गावात रस्ता मला डोळे मिटून कळतो."

"बाबा, डोळे उघडे ठेवून सांगितलंत तरी चालेल," सूनबाई म्हणाली. हे हसले, आणि थोरली फळीला हात घालायला वाकली.

निघाले. मागची बैठक दुमडलेली, गोधडीऐवजी आता कपाटाच्या खणात घालतात ते जाळीचं रबरी कापड, त्यावर फळी, आणि थोरली तिच्या नेहमीच्या जागी. सूनबाई खरंच हळू चालवत होती. हे पुढे ताठ बसलेले, डोळे समोर, हात मांडीवर असा, जणू हातात चाकच आहे.

"आता पोस्टाचा कोपरा. डावीकडे खड्डा."

खड्डा नव्हता. तिथे गुळगुळीत डांबर होतं. सूनबाईने खड्ड्यासाठी गाडी उजवीकडे घेतली आणि पुन्हा सरळ केली. थोरलीच्या दंडाला फळीने हलकेच ढुशी दिली.

"गिरणीच्या पुढे उंचवटा. थांब, थांब, आता."

सूनबाईने ब्रेक दाबला. उंचवटा नव्हता. तो कधीतरी काढून टाकला असावा. फळी रबरी कापडासकट बोटभर पुढे सरकली आणि वरचा धाकटा थर डुलला. थोरलीने दोन्ही कोपरं आडवी घातली, मांडीने फळी अडवली. प्रार्थना तोंडातच थांबली.

सूनबाईने गाडी कडेला घेतली. काच खाली केली, बाहेर बघत राहिली. हे हळूच म्हणाले, "उंचवटा होता इथे."

"होता," थोरली म्हणाली.

केक बघितला. उभा होता. पण वाटेतला पूल अजून पुढे, आणि पुलावरचे गाडी आदळवणारे सांधे काही कोणी काढून टाकलेले नसणार. असेच दोन खोटे खड्डे आणखी आले असते तर पोरीला फोटो सोडाच, चमच्याने खायचा केक मिळाला असता. आणि यांना गप्प बसा म्हणावं, तर या माणसाला त्याच्या बायकोने, सुनेसमोर, गाडीत गप्प बसा कसं म्हणायचं?

थोरलीने गुडघ्याला हात लावला. "अहो, माझ्या गुडघ्यात कळ आली हो. मला काही आता खाली बसवत नाही. तुम्ही जरा मागे येता का? मी पुढे बसते."

हे वळून बघत राहिले. गुडघ्यात कळ नव्हती हे त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. "केक मला धरता येईल?" त्यांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी तिला असं काही विचारलं नव्हतं.

"फळी धरायची, केक नाही. वळण डावीकडे असेल तर उजवं कोपर घट्ट करायचं. पुलावर श्वास सोडू नका."

ते मागे जाऊन बसले. पाय पसरायला त्यांना वेळ लागला. पायजमा वर गेला, चष्मा नाकावर घसरला. थोरली पुढे बसली.

आणि मग तिच्या लक्षात आलं की हा रस्ता तिने कधी बघितलाच नव्हता. इतक्या लग्नांना इथून गेली, पण नजर कायम केकवर. ओळख होती ती कोपरांना. इथे उजवं दुखायचं म्हणजे गिरणी, इथे कंबर हलायची म्हणजे शाळेपाशी आलो. शाळेच्या भिंतीवर एवढी वेल आहे, पुलाच्या अलीकडे चाव्या करणाऱ्याचं दुकान आहे, हे तिला आज दिसलं.

"आई," सूनबाई म्हणाली, "तुमची प्रार्थना म्हणा ना. मोठ्याने. मी त्या चालीने घेते."

थोरलीने सुरुवात केली. सूनबाईचा पाय आधी दोनदा पुढे पळाला, मग त्याला चाल सापडली. पुलावर चाकं सांध्यांवरून एकेक उतरली, प्रत्येक उतरणं एका ओळीच्या शेवटी. मागून यांचा आवाज येऊ लागला. तेही पुटपुटत होते. शब्द पाठ नव्हते. अधलेमधले, जिथे आठवतील तिथे.

मांडवाच्या दाराशी धाकटी उभी होती. फळी उतरवली. केक उभा होता. फक्त मागच्या बाजूला, मधल्या थरावर, गोल खळगा पडला होता.

"हे काय गं ताई?" धाकटी वाकून म्हणाली.

"हनुवटी," हे म्हणाले. त्यांच्या हनुवटीला क्रीम लागलं होतं. "पुलावर."

"भावजी, इतकी वर्षं केकला काही झालं नाही, आणि आज तुम्ही गाडी चालवली नाहीत तर खळगा?"

"तो भिंतीकडे कर," थोरली म्हणाली. "मागची बाजू कोण बघतं." आणि बरोबर आणलेल्या थैलीतलं क्रीम काढून तिने खळगा बुजवला, तरी थोडा दिसतच राहिला.

नवरी आली, केक बघितला आणि मावशीच्या गळ्यात पडली. लोक जमले. कोणीतरी सवयीने अलगदभाऊंच्या पाठीवर थाप मारली. ते म्हणाले, "मी नव्हतो चालवत. सूनबाई होती." मग थोरलीकडे बोट करून, "आणि आधीही मी एकटा नव्हतो."

दुपारी दोघं मागच्या बाकावर बसली होती. हे खांदा फिरवून बघत होते, तोंड वाकडं करत.

"तू दर वेळी अशी बसायचीस?"

"मग काय. आणखी कशी बसणार?"

"आणि मग स्वयंपाकाला लागायचीस."

"भूक लागलेली असायची सगळ्यांना."

मग खिशातला रुमाल काढून त्यांनी हनुवटी पुसली. तिथे आता काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत सूनबाई गाडी घेऊन आली. थोरली पुढे बसली, हे मागे, रिकाम्या फळीशेजारी. घरी जाण्याआधी औषधाच्या दुकानातून खांद्याला चोळायचं मलम घ्यायचं होतं.