केळ्याचं पथ्य

दुपार उतरते आहे. वाफेच्या यंत्राची घरघर कधीच थांबली, पण यामिनीच्या कानात ती अजून चालूच. मांडीवर लेक, धनू, निजलेली. तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजते, बंद दारामागे कुणी वाजवावी तशी.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दम्याला केळं बंद, दही बंद, पेरू बंद, आणि पुड्यांमधलं सगळं चालू? उलटं करा बाई! पुड्यांनीच दमा होतो असं नाही म्हणत मी. पण अशा खाण्यानं श्वासनळ्यांची सूज वाढत असावी, असं अभ्यासांत दिसू लागलंय. फळं खाऊ द्या पोरीला. पंप मात्र चुकवू नका."

यामिनी मान हलवून आली खरी. पण केळं? तिचा थोरला भाऊ हेमू दम्यानं गेला, तो केळीच्या बागेतच सापडला होता. "चोरून खाल्लं असणार," सारा गाव म्हणाला. तेव्हापासून तिच्या घरात केळं आलेलं नाही.

पापणी जड होते. शिट्टी लांब लांब जाते, पाटाच्या पाण्यासारखी वाजू लागते, आणि पाय ओले होतात.

बाग आहे. रावेरकडची, माहेरची. पानं सळसळत नाहीत, चुरचुरतात. ती वर पाहते तर घडांच्या जागी पुड्या लोंबताहेत, लाल, पिवळ्या, टम्म फुगलेल्या.

बुंध्याला टेकून हेमूभाऊ बसलाय. मिसरूड फुटायचं तेवढं राहिलेलंच. यामिनीच्या केसांत चांदी आहे, तरी त्याच्यापुढं धाकटी तीच.

"काय वं यामे, जाडी झाली तू!"

"आणि तुला दम नाही लागत?"

"आता कशाचा दम, माय!" तो हसतो, एक पुडी तोडून दाबतो. फस्सकन् वारा निघतो, तळाशी चार तुकडे. "सारी हवा यांनीच भरून नेली. लेकरांले काय उरलं?"

ती हसते, आणि ओट्यापाशी उभी असते. गॅसखालून पाट वाहतोय. फळीवर तिनंच रचलेल्या बिस्किटांच्या, वेफर्सच्या, शेवयांच्या पुड्या.

"कोरडं असतं रे, कफ होत नाही. जिवापाड जपते मी तिला."

"आईनंही मले तसंच जपलं. पंप कपाटात ठेवला, सवय लागंल म्हणून."

इतक्या वर्षांचं ती आता विचारून टाकते.

"भाऊ, खरं सांग. त्या दिवशी केळं खाल्लं होतंस?"

तो पाण्यात बोट बुडवतो.

"नाही वं. आईची शपथ होती. बागेत गार वाटे, श्वास येईल म्हणून आलो." मग हळूच, "केळीतच जन्मलो, अन् चव ठाऊक नाही. कशी असते, सांग ना."

ती फळीकडं हात उंचावते, हाताला घड लागतो. हिरवी फणी मोडून घेईतो पिवळी होते. ती सोलते, भरवते. तो डोळे मिटून खातो. आई बागेत म्हणायची ती ओवी यामिनीच्या ओठांवर आपसूक येते, पण शब्द दुसरेच:

केळीच्या बागेमंदी पाणी जातं पाटोपाट,
बंधवा, तुझ्या श्वासा मोकळी झाली वाट.

"गोड आहे?"

"लई गोड. आता धनूले दे. अन् पंप हाताशी ठेवजो, कपाटात नको."

"आई, भूक लागली."

धनू उठून बसलीय. खिडकीत तांबूस ऊन. यामिनी पंप पर्समध्ये टाकते, पायांत चपला सरकवते.

"चल बाजारात. केळी आणू."

"मला?" पोरगी मागं सरते. "मामासारखं होईल ना!"

"मामानं खाल्लंच नव्हतं गं."

हे बोलून यामिनी स्वतःच थबकते. कुणी सांगितलं तिला? ती ओढणी सावरते, तर बोटाला काही चिकटतं. काठावर केळीच्या चिकाचा ओघळ आहे, ओला. अजून काळाही पडलेला नाही.