मोकळ्या ओळीतली थरथर

सांगू की नको, यातच बरेच महिने गेले. आमच्या घरात देवापुढे दिवासुद्धा नवरा लावतो, मी नाही — यावरून माझा स्वभाव ओळखा. मी गाणं शिकवते, पण 'नाभीतून स्वर काढ' असलं भोंगळ बोलणं मला खपत नाही. स्वरतंतू कसे जुळतात, बरगड्या कशा उघडतात, हे शिकणाऱ्याला स्वतःच्या अंगावर हात ठेवून कळलं पाहिजे. अलिबागला एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर माझा क्लास आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर रेवदंड्याकडच्या यमुनामावशी आल्या. वय पासष्टच्या पुढे. धवलारीण — म्हणजे आमच्याकडच्या आगरी-कोळी लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई. दुसऱ्याच गाण्याला आवाज फाटायचा. डॉक्टरांनी घसा दुर्बिणीने पाहिलेला, सगळं साफ. महिन्यावर त्यांच्या जावेच्या, हिराबाईंच्या नातीचं लग्न आलं होतं. हिराबाई वर्षापूर्वी गेल्या, आणि जाताना शब्द घेऊन गेल्या, की पोरीचे धवले तूच म्हणायचे.

"पोरं म्हंतात, मोबाईलवर लावू," मावशी म्हणाल्या. "मी जित्ती असताना मोबाईल कशाला?"

दोष मला दहा मिनिटांत सापडला. धवला दोघी म्हणतात. एक ओळ पहिली म्हणते, तीच ओळ दुसरी उचलते. इतकी वर्षं दुसरी ओळ हिराबाईंची होती. आता मावशी दोन्ही ओळी एकट्या ओढत होत्या, श्वासाला जागाच नाही, मग गळा आवळणारच.

"दुसरी ओळ मोकळी सोडा," मी म्हटलं. "तेवढ्यात आरामात श्वास भरा." आणि बरगड्या उघडतात का बघायला त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला.

ओळ संपली. मावशी गप्प. आणि माझ्या हाताखाली पाठ थरथरली... गाताना थरथरते तशीच, त्याच चालीत, अख्खी ओळभर.

मी हात झटकलाच. पंखा बंद केला. खाली कुठलं मशीन चालू आहे का, विचारून आले. आपलीच नाडी असेल म्हणून त्यांना पुन्हा गायला लावून दुसरा हात लावला. बोट त्यांच्या कंठावर ठेवलं, कंठ गप्प. लॅपटॉपवर आवाजाची रेघ सपाट. आणि पाठीत ओळ चालूच! अहो, पंधरा वर्षं मी हेच काम करतेय. मावशींना मात्र काही बोलले नाही. घाबरून गाणं सोडलं तर? आवाज तर रोज सुधारत होता. मीच चिडचिडी झाले, जेवण जाईना, दुसऱ्या कुणाच्या पाठीला हात लावायचं टाळू लागले.

लग्नात मावशींनी मला आपल्या मागे बसवून घेतलं. "हात ठेव गो बाय, धीर वाटतो." सकाळपासून एकही गाणं फाटलं नाही. प्रत्येक मोकळ्या ओळीला माझ्या हाताखाली ती थरथर होतीच.

शेवटचा धवला पोर सासरी निघताना. त्यातल्या एका मोकळ्या ओळीत थरथर आली, पण चाल वेगळी. तुटक, घाईची, कुणी बोलत असल्यावर लागते तशी. मग थांबली. पुढच्या मोकळ्या ओळीला हाताखाली नुसता श्वास होता.

मावशींनी गाणं पुरं केलं आणि वळून हळूच विचारलं, "गेली ना माजी जाव?"

मी हात मागे घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुजा हात कापायचा ना, त्यावरनं समजलं. काय बोलली जाताना?"

"मावशी, हाताला नुसती थरथर लागते. शब्द नाही कळत."

"येवढी शिकलीस, आन शबुद न्हाय समजला?" रागाने नाही म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, तेवढंच. मग त्या नवरीच्या गाडीकडे गेल्या.

त्या थरथरीला स्नायूंचा कंप म्हणून झालं, मनाचे खेळ म्हणून झालं... एकही बसत नाही. पण खरं सांगते, मला झोंबतं ते हे नव्हे. 'पोरीचं भलं होऊ दे म्हणाली' — एवढं खोटं तरी त्या वेळी तोंडात यायला हवं होतं. नाही आलं.