नववा नंबर

मालधक्क्यावर त्यांना सगळे खडूबाबू म्हणत. कुणाचा माल कितव्या नंबरला वॅगनमध्ये चढणार, हे ते रोज सकाळी फळ्यावर लिहीत आणि बाहीला खडू माखूनच घरी जात. आधी अर्ज त्याचा आधी नंबर. बावीस वर्षांत तिथे कुणाची डाळ शिजली नव्हती.

घोडं अडलं ते घरात. बायकोचा धाकटा भाऊ कौलांचा कारखाना चालवायचा. एरवी तो टोमण्यांवर भागवायचा, "घरात विहीर अन् आम्ही तहानलेले." या खेपेला मात्र शुक्रवारी माल पोचला नाही तर मोठं गिऱ्हाईक जाणार होतं. रोज दोनच वॅगन भरायच्या आणि त्याचा नंबर नववा. सोमवारी खडूबाबूंच्या घरी नवंकोरं शिलाई मशीन येऊन पडलं.

"भावानं बहिणीला दिलं," बायको म्हणाली. "तुमचा काय संबंध?"

"मग दुपारी धक्क्यावर येऊन 'दाजी, नवव्याचा दुसरा करा' म्हणाला, तो कशाच्या संबंधानं?"

मशीन मात्र जागचं हललं नाही. ठेवावं तर नोकरी जाणार, परत करावं तर बायकोचं माहेर तुटणार. वर तिनं ऐकवलंच, "नोकरी दुसरी मिळेल. भाऊ कुठून आणू?" दोन दिवस घरात ते मशीनच काय ते बोलत होतं.

बुधवारी धक्क्यावर नव्या कायद्याची नोटीस लागली. खडूबाबूंनी ती शब्दन् शब्द उतरवून आणली आणि घरी वाचायला घेतली. माल आधी चढवण्यासाठी वस्तू घेणारा गुन्हेगार, घरच्यांच्या नावानं घेतली तरी. बायको शिवतच होती.

"देणाराही तितकाच गुन्हेगार. दोघांनाही कैद."

मशीन थांबलं. "देणारा म्हणजे?"

"म्हणजे आपला बारक्या."

"माझ्या बारक्याला आत टाकणार?"

"माझ्याच शेजारी. तिथंही म्हणेल, दाजी, खिडकीजवळची जागा बघा."

ती हसली नाही. तडक हातगाडी बोलावली, मशीन चढवलं आणि गाडीमागून भावाच्या घरी निघाली. मागून खडूबाबू, हातात कागद.

आता हा आकाशपाताळ एक करणार, असं दोघांना वाटलेलं. मेहुण्यानं कागद दोनदा वाचला आणि पायरीवर बसकण मारली.

"सुटलो, दाजी," तो म्हणाला. "माल उतरतो तिथला बाबू दर खेपेला काहीतरी मागतो. मागच्या वेळी पंखा नेला. आता त्याला हाच कागद दाखवतो."

"आणि गिऱ्हाईक?" बहिणीनं विचारलं.

"सोमवारपर्यंत थांबाल का म्हणून विचारतो."

"आधी का नाही विचारलंस?"

"मुदत मागायची लाज वाटली, ताई."

"मशीन द्यायची नाही वाटली?"

तो मान खाली घालून आत गेला. आतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. बराच वेळ नुसतं हो हो चाललं. मग तो दारात आला.

"सोमवार चालेल म्हणतात," तो म्हणाला. "कौलं ठेवायची कुठं हाच त्यांना प्रश्न होता. अजून भिंतीच उभ्या नाहीत."