न निंदलेल्या चार ओळी

कौशल्याबाईच्या रागाला आवाज नव्हता. राग आला की तिचं खुरपं मातीत बोटभर जास्त खोल जाई. जानेफळच्या शिवारात चाळीस वर्षं तिनं स्वतःचं आणि दुसऱ्यांचं वावर निंदलं होतं. उकिडवं बसून, ओळीमागून ओळ.

या चाळीस वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती, आणि ती सांगितली की पुरुष हसत. गेल्या साली ज्या तुकड्यात ज्वारी होती, त्यात यंदा तण कमी. उगवतं तेही आजारल्यासारखं. पिवळट, आखूड मुळांचं, चिमटीत धरलं की निघून येणारं. ज्वारीची धसकटं मातीत कुजताना त्यांतून काहीतरी सुटतं आणि ते दुसऱ्या बियांना डोकं वर काढू देत नाही. त्या द्रव्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. बोटांना ते ठाऊक होतं.

पण ज्वारी गावातून निघून गेली होती. तिच्या मुलानं, गोकुळनं, चारही एकरांत कपाशी लावली आणि तणनाशकाची बाटली आणली. दोन वर्षांपूर्वी कौशल्याबाईनं वावराच्या कडेच्या धुऱ्यावरची घोळ खुडून भाजी केली. त्याच सकाळी गोकुळनं धुऱ्यावर फवारलं होतं, आणि घरात सांगितलं नव्हतं. रात्रभर सून पूनम ओकत राहिली. गोकुळ म्हणाला, "औषधानं नाई झालं, मा. भाकर शिळी असन." त्या दिवसापासून कौशल्याबाईनं त्याच्याशी वावराबद्दल बोलणं सोडलं होतं.

मग गावात सुचिता आली. कृषी खात्यातली नवी मुलगी, चिखलीची. तिनं या बाईचं बोलणं न हसता ऐकलं. "मावशी, हे खरं आहे," ती म्हणाली. "ज्वारीत तसं द्रव्य असतं. पण माझे साहेब नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तुमचं वावर दाखवूया."

सुचितानं मागितल्यावर गोकुळनं अर्धा एकर दिला. अटीवर. मोजणीत तण निम्म्यानं कमी भरलं तर पुढच्या साली सगळं वावर आईच्या पद्धतीनं. नाही भरलं तर हा अर्धा एकरही फवारायचा आणि ज्वारीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

कौशल्याबाईनं धुऱ्यालगत भाकरीपुरत्या राखलेल्या पट्टीतला ज्वारीचा कडबा बारीक चिरला. ड्रममध्ये एक दिवस-रात्र भिजवला, गाळला, ते पाणी चुलीवर आटवलं आणि कपाशीच्या ओळींमध्ये दोनदा फवारलं. उरलेला चोथा ओळींमध्ये पसरला. फक्त मधल्या चार ओळी सुचितानं सोडायला लावल्या. "इथे काहीच नाही. ज्वारीचं पाणी नाही, खुरपं नाही, बैलांचा डवरा नाही. उगवेल ते उगवू द्या. याच्याशीच तुलना होणार."

चार ओळींत तण माजलं. केना आला, दुधी आली, कुंदा आला. सगळं गुडघ्याशी. रस्त्यानं जाणारा उकंडराव ओरडला, "कौशल्याबाई, ढोरं सोडू काय चरायले?"

"सोडा. पयले तुमी या."

तिनं या ओळींचं कारण कुणालाच सांगितलं नाही. बरोबर निंदणाऱ्या बायांनाही नाही. हसतील म्हणून. चूक म्हणावी तर ती एवढीच होती.

मोजणीच्या दिवशी मोठे साहेब आणि वीसेक शेतकरी जीपगाड्यांतून येणार होते. पांदणीचा रस्ता चुकू नये म्हणून कौशल्याबाई स्टँडवर थांबली. दीड तासानं सगळ्यांना घेऊन ती वावरात आली, तर मधल्या चार ओळी काळ्या होत्या. ओली, उघडी, लाज वाटावी इतकी स्वच्छ माती.

तिच्याबरोबर निंदणारी रुक्मिणीबाई पदराला हात पुसत उभी राहिली. तिच्यामागं आणखी तिघी. या गावात एकीच्या वावरात पाहुणे येणार असले की बाकीच्या न बोलावता येतात. वावरातलं तण म्हणजे घरातलं उष्टं. ते परक्याला दिसू द्यायचं नाही.

"झालं वं, कौसल्ये," रुक्मिणीबाई हसली. "पाहुणे येऊन राह्यले न् मधात जंगल! आमी म्हटलं, इची बेइज्जती काऊन होऊ द्याची?"

"तण कुठी हाय?"

"बकऱ्यायले टाकलं. खाल्लं बी त्याहीनं."

सुचिताच्या हातातली लोखंडी चौकट तशीच राहिली. ती जमिनीवर ठेवून आतलं तण मोजायचं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आता तुलना कशाशी करायची?" मग त्यांनी चौफेर नजर फिरवली. "पण शेत एकदम स्वच्छ आहे हं, ताई. आदर्श." त्यांनी कौशल्याबाईला त्या चार ओळींत उभं करून फोटो काढला आणि गाड्या पुढच्या गावाला, हिवरा आश्रमाकडे निघाल्या.

चाळीस वर्षांत कुणी तिच्या निंदणाचा फोटो काढला नव्हता. काढला तो नेमका हा.

सुचिता मागं थांबली. "तण पुन्हा येईल, मावशी. तीन आठवडे हात लावू नका. मी एकटी येते मोजायला."

गोकुळनं तोवर धुऱ्यावर पंप भरायला घेतला होता. "तीन हप्त्यानं तण मोठं झालं की औषध बी लागू पडत नाई. आज उघाड हाय. बोलणं झालं होतं, मा. मोजणी नाई तं फवारणी."

"मोजणी झाली," कौशल्याबाई म्हणाली. आणि बायांकडे वळली. "सांगा याले."

रुक्मिणीबाईला आता कळलं होतं तिनं काय उपटलं ते. ती पुढं आली. "या चार ओळीले आमी चौघी घंटाभर होतो. मंग म्हटलं, बाजूच्या बी काढून टाकू. तं तिथं काई सापडेच ना. जे होतं ते मेल्यावानी. पाच मिनटात उठलो."

"हे काय मोजमाप हाय, काकू?"

"काऊन नाई? वीस वर्स तुह्या वावरात आमी निंदतो. पऱ्हाटी कोणती न् तण कोणतं, हे आमच्या हातावर सोडून तू घरी झोपतं. तवा हात खरा. आज खोटा?"

"बायायच्या सांगण्यावर वावर सोडू काय?"

"नको सोडू. फवार खुशाल," रुक्मिणीबाई म्हणाली. "दिवाळीले पऱ्हाटी फुटन, तवा त्या बाटलीलेच वेचायले बोलाव. आमी नाई येत."

गोकुळ हसला. बाकी कुणीच हसलं नाही. चौघींनी खुरपी उचलली, पण जागच्या हलल्या नाहीत. गोकुळनं एकेकीकडे पाहिलं. याच चौघी दरवर्षी त्याचा कापूस वेचत. त्यानं पंपाचं झाकण लावलं.

"तीन हप्ते," तो म्हणाला. "एक दिवस वर नाई."

कौशल्याबाईचा चेहरा निवळला नाही. "माह्या म्हणण्यानं नाई थांबला तू," ती म्हणाली. "कापसाच्या भेवानं थांबला." गोकुळ पंप घेऊन गेला.

मग ती बायांवर उलटली. चार ओळींच्या चारी कोपऱ्यांना तिनं काड्या रोवल्या, सुतळी ओढली आणि कशासाठी ते पहिल्यांदा सांगितलं. पाण्यापासून चौकटीपर्यंत सगळं. कुणी हसलं नाही. त्याचाही तिला रागच आला. महिनाभर आधी सांगता आलं असतं.

आठव्या दिवशी कौशल्याबाई आणि चौघी शेजारच्या वावरातून परतताना सुतळीपाशी थांबल्या. पावसानं केना पुन्हा वर आला होता, दोन-दोन पानांचा, लुसलुशीत. रुक्मिणीबाई बोलता बोलता वाकली आणि तिची बोटं आपसूक एका कोंबाकडे गेली.

कौशल्याबाईनं तिच्या हातावर फटका मारला.

"मारती काय वं?"

"हाव. मारती."