गच्चीवरची सव्वीस कबुतरं

सदर इसम वय वर्षे अठ्ठावन्न, बांधा किरकोळ, ओळखीची खूण : उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ. पदनाम : मूळप्रत परीक्षक. कर्तव्य : जुने चित्रपट घरी पाहण्याच्या डिस्कवर जाताना त्यांत कोणताही फेरफार झालेला नाही याची खातरजमा करून सही करणे.

ऑफिसात त्यांना सगळे मामा म्हणत. मामा तेवीस वर्षं एका बिनखिडकीच्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसले. डावीकडे मूळ रीळ, उजवीकडे यंत्राने साफ केलेली प्रत. यंत्राची अक्कल सरळ होती. एका चित्रात जे दिसतं आणि पुढच्या चित्रात त्या जागी दिसत नाही, तो कचरा. धूळ अशीच असते. दुर्दैवाने उडणारी कबुतरंही अशीच असतात.

निवृत्तीला आठवडा उरला असताना मामांच्या ते लक्षात आलं. एका चित्रपटात गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालते आहे. खाली नवरा घर सोडून निघालाय. फाटक आपटतं, कबुतरं उडतात, ती वर बघते. साफ प्रतीत ती वर बघते, आणि वर काहीच नाही. मान अवघडली असावी असं वाटतं.

"मामा, लोक भाजी निवडत सिनेमा बघतात," मॅनेजरबाई म्हणाल्या. "कबुतरं कोण मोजतंय?"

"मी मोजली. सव्वीस आहेत."

"बरं, मग?"

"तेवढा प्रसंग साफ न करताच जाऊ दे."

"मधेच डाग दिसले की डिस्क परत येतात. हातानं बसवा हवं तर. पण शुक्रवारपर्यंत. नाहीतर यंत्रवाले सही करतील, आणि ते एकही बसवणार नाहीत."

मामा बसवायला लागले. एक कबूतर म्हणजे चाळीस चित्रं. प्रत्येक चित्रातून ते डावीकडून उचलायचं आणि उजवीकडे त्याच जागी ठेवायचं. बुधवारी घरी आले ते पाठ धरूनच.

"अहो, एवढं कबुतरं पुसणारं यंत्र आहे तर आपल्या गॅलरीत आणून लावा की," बायको म्हणाली.

मामांनी मान डोलावली. हसायचं राहून गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी मामांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. मॅनेजरबाईंनी खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसल्या आणि तो प्रसंग दोनदा पाहिला.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या. "पण डिस्क छापणाऱ्या कारखान्यातला आपला नंबर गेला तर पुन्हा तीन महिने थांबायचं. माझ्या हातात नाही, मामा."

सही नाकारली तर ही प्रत बाजूला पडणार आणि यंत्राची जाणार, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा पुसला, दाखला वाचला, सही केली. तारीख घालायची राहिली होती, ती मॅनेजरबाईंनी घातली.

डिस्कच्या वेष्टनावर छापलं आहे : मूळ स्वरूपात, कोणत्याही फेरफाराशिवाय.

कबुतरं एकोणीस आहेत.